पाठ सरळ करून देणारा हात कुठे मिळेल?

प्रश्न : मी देवगड तालुक्यातली, वय ४६. मार्च ते मे आंब्याचं काम असतं, म्हणजे अढी लावायची, प्रतवारी करायची, पेट्या भरायच्या. बाकी वर्षभर घरगुती खाणावळ. पर्यटक आले की दिवसाला तीस-चाळीस पानं उठतात. गेली तीन-चार वर्षं मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध सारखी ओढ लागते. मान पुढे आलीय, पाठीला बाक आलाय असं मुलगी म्हणते, आणि आता फोटोत मलाही ते दिसतं. मुद्दाम ताठ उभी राहिले तर पाच मिनिटांत कंबर भरून येते. सासूबाई म्हणतात, "पट्ट्यान काय होतला? त्या काकांका दाखव, एका दमात बसयतत." हे काका शेजारच्या वाडीत हाडं बसवतात. जाऊबाईंनी उत्तर गोव्यातल्या एका बाईंचा नंबर दिलाय. त्या हाताने अंग दाबून शरीराची ठेवण बदलतात म्हणे. दहा बैठका, एकीचे साडेतीन हजार, 'रॉल्फिंग' असं नाव. मुलीने ऑनलाइन खांद्यांचा पट्टा मागवलाय. तिघांपैकी कोणाचं ऐकू? आणि रात्री उशी घ्यावी की नको? त्यावरूनही घरात दोन पक्ष आहेत.

उत्तर :

ताई, आधी पैशांचं बोलू. पस्तीस हजार मिळवायला किती पेट्या भराव्या लागतात, हा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. तूर्त ते खर्च करू नका. त्या बाईंचं काम थोतांड आहे असं मी म्हणत नाही, पण तुम्हाला जे हवंय ते दहा बैठका विकत घेऊन मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि त्यातलं बरंचसं तुमच्या स्वयंपाकघरात, फुकटात होण्यासारखं आहे.

त्याआधी घरच्या घरी एक तपासणी करा. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभ्या राहा, नजर समोर. हनुवटी वर न उचलता डोकं मागे भिंतीला टेकतं का? मग जमिनीवर उताण्या पडा. मिनिटभरात पाठ सैलावून जमिनीला लागते का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल, अगदी 'हो, पण थोडं ओढलं जातं' असं असलं तरी, बाक बहुधा कामाच्या सवयीचा आहे आणि त्यात फरक पडू शकतो. डोकं भिंतीला टेकतच नसेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, किंवा एखाद्या मणक्यावर बोट ठेवताच जीव कळवळत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पाळी जायच्या सुमारास बायकांची हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि दबलेला मणका कोणाच्या दाबण्याने वर येत नाही, उलट बिघडतो. हाताला मुंग्या येतात, ब्लाउजचे हूक लावताना बोटं चुकतात, चालताना तोल जातो, रात्री दुखण्याने जाग येते, ताप येतो, विनाकारण वजन उतरलंय, लघवीवरचा ताबा सुटतोय, यातलं काहीही असेल तर गोवाही नको आणि काकाही नकोत. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, नाहीतर सरळ ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा.

हे काही नाही असं धरून पुढे लिहिते.

आधी गोव्याच्या बाईंचं रॉल्फिंग. इडा रॉल्फ ही अमेरिकन बाई, जन्म १८९६ चा. १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली. त्या काळात एका बाईने हे करणं म्हणजे केवढी गोष्ट! पुढे तिने हाताने अंगावर काम करण्याची एक पद्धत बसवली आणि तिला 'स्ट्रक्चरल इंटिग्रेशन' म्हटलं. लोकांनी तिच्या आडनावावरून त्याचं रॉल्फिंग केलं. तिचा सगळा भर फॅशियावर होता. स्नायू, हाडं, आतडी या सगळ्यांना वेढणारं एक पातळ, चिवट आवरण असतं. पपनस सोलताना प्रत्येक फोडीवर जो पांढरा पापुद्रा लागतो आणि एका फोडीचा दुसरीला जोडलेला असतो, तसं काहीसं. रॉल्फबाईंचं म्हणणं असं की हे आवरण आखडलं की शरीर पृथ्वीच्या ओढीशी झगडत उभं राहतं. ते सावकाश दाबून मोकळं केलं की डोकं, छाती, कंबर आणि पाय एकावर एक नीट बसतात. त्यासाठीच दहा बैठकांचा क्रम. पहिलीत छाती आणि श्वास, दुसरीत पावलं, तिसरीत दोन्ही कुशी, मग मांड्यांची आतली बाजू, पोट, पाठ, सातवीत मान आणि डोकं, शेवटच्या तिनांत सगळ्याची जुळणी. तिथे गेलात तर आधी तुम्हाला उभं करून, चालायला लावून न्याहाळतील. मग टेबलावर झोपवून बोटांनी, मुठीने, कधी कोपराने अगदी हळू दाब देतील आणि दाब चालू असतानाच 'पाऊल वर-खाली करा' असं काहीतरी सांगतील. जुन्या धाटणीचं काम चांगलंच दुखायचं. आता बरेच जण हलक्या हाताने करतात.

आता त्या आवरणाचं. ते हाताने खरंच लांबतं का? २००८ मध्ये काही संशोधकांनी याचं गणित मांडलं. तळपायातला आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाचा जाड फॅशिया जेमतेम एक टक्का दबायला किंवा सरकायलाही इतकं बळ लागतं की माणसाच्या हाताचं ते काम नव्हे. म्हणजे 'तुमचा फॅशिया वितळवला', 'गाठी फोडल्या' असं कोणी म्हणालं तर मान डोलवा, पण त्या बोलण्यावर पैसे ठरवू नका.

तरी टेबलावरून उठल्यावर लोकांना हलकं वाटतं, श्वास मोठा येतो, खांदे खाली उतरतात. हे खोटं नाही. कातडीत आणि स्नायूंत दाब ओळखणारी टोकं असतात. सावकाश, भरवशाचा दाब मिळाला की मेंदू त्या भागाची राखण सैल करतो आणि आवळून धरलेला स्नायू सुटतो. पण सुटला म्हणजे नवा झाला असं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच विळीवर त्याच पद्धतीने चार किलो कांदा चिरायला बसलात की मेंदू परत राखण सुरू करतो, आणि त्याचं काही चुकतंय असंही नाही.

म्हणून हाताने अंगावर काम करणाऱ्यांत मला शिकवणारे हात जास्त पटतात. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर हा १८६९ मध्ये टास्मानियात जन्मलेला नट. पल्लेदार उतारे म्हणताना त्याचा आवाज बसायचा आणि डॉक्टरांना कारण सापडेना. त्याने आरशांसमोर उभं राहून स्वतःला न्याहाळलं, तेव्हा कळलं की बोलायला तोंड उघडण्याआधीच तो मान आखडून डोकं मागे खेचतो. ही खोड मोडता मोडता त्याने जी पद्धत बसवली ती आज अलेक्झांडर टेक्निक म्हणून ओळखली जाते. तिच्यात शिक्षक तुमचं काही दाबत नाही. तुम्ही खुर्चीवर बसलेल्या असता. त्याचा एक तळवा तुमच्या मानेच्या मागे, जिथे कवटी टेकते तिथे, अगदी हलका ठेवलेला असतो. तो म्हणतो, 'आता उठायचंय, पण उठू नका.' आणि नेमकं त्या क्षणी तुम्हाला त्याच्या हाताखाली कळतं की उठायचं नुसतं मनात आलं आणि मान आवळलीसुद्धा! ते आवळणं सोडायचं आणि मग उठायचं. एवढाच धडा, पण पुन्हा पुन्हा.

या पद्धतीची इंग्लंडमध्ये ५७९ कंबरदुखीच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वर्षानंतर विचारलं की गेल्या चार आठवड्यांत किती दिवस दुखलं? नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं उत्तर साधारण २१ दिवस, अलेक्झांडरचे २४ धडे घेतलेल्यांचं ३ दिवस. त्याच चाचणीत एका गटाला सहा वेळा मालीश दिलं होतं. त्यांनाही तीन महिन्यांपर्यंत बरं वाटलं, पण कामं करता येण्यात पडलेला फरक वर्षाअखेर टिकला नाही. २०१५ मध्ये मानदुखीच्या ५१७ रुग्णांवरच्या चाचणीतही हे धडे घेणारे वर्षाअखेरीस नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरे होते. रॉल्फिंगच्या पाठीशी या तोलामोलाचा पुरावा नाही, छोटे छोटे अभ्यास आहेत. अलेक्झांडर शिकवणारे आपल्याकडे मोजकेच, तेही मोठ्या शहरांत, तेव्हा त्यांच्यामागे धावा असं मी सांगत नाही. पण यातून जे घ्यायचं ते देवगडात बसूनही घेता येतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं : ताठ उभी राहिले की पाच मिनिटांत कंबर भरते. भरणारच! ताठ म्हणून तुम्ही बहुधा छाती पुढे काढता, खांदे मागे खेचता आणि कमरेत आणखी वाकता. तो बाक गेला नाही, पाठीतून कमरेत उतरला. शाळेत पी.टी.च्या तासाला शिकवलेलं 'सावधान' आपण जन्मभर वागवतो. एकच एक बरोबर ठेवण असते आणि ती धरून बसलं की दुखत नाही, याला आधार नाही. मान पुढे असलेल्या कितीतरी माणसांचं काही दुखत नाही आणि ताठ माणसंही कण्हत येतात. तासन्‌तास एकाच ठेवणीत अडकणं मात्र भल्याभल्यांना बाधतं. फोटोतला बाक किती गेला हे मोजत बसू नका. विळीवर किती वेळ न दुखता बसता येतं, ते बघा.

आता विळी. तुम्ही उजवा गुडघा उभा करून, पाट दाबून, मान खाली घालून बसत असाल. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊजणी तशाच बसतात आणि कायम त्याच बाजूने. बूड टेकायला चार-पाच बोटं उंच पाट घ्या. कंबर वर आली की पाठीला कमी वाकावं लागतं. गुडघा पाळीपाळीने बदला. नारळ खवायला तर ओट्यावर बसणारी खवणी लावाच. सोलकढीसाठी रोज आठ-दहा नारळ खवणाऱ्या बाईने जमिनीवर बसून खवायचं काही कारण नाही, सासूबाईंना राग आला तरी. अढी लावताना पाय ताठ ठेवून कमरेतून ओणवं होऊ नका. एक गुडघा पेंढ्यावर टेका, आंबे मांडा, मग दुसरा टेका. प्रतवारीला भरलेला क्रेट दोन रिकाम्या क्रेटवर ठेवा, म्हणजे आंबा कमरेशी येतो. हे सांगायला सोपं आहे. मोसमात गाडी दारात उभी असताना कोणाला सुचतं? म्हणून जागा आधीच, फेब्रुवारीत, तशी मांडून ठेवा.

मुलीला पट्टा मागवायची हौस आहे, तर तिचा हातच वापरू. तुम्ही विळीवर बसलात की तिने मागे बसून एक तळवा तुमच्या दोन फऱ्यांच्या मधे ठेवायचा. दाबायचं नाही, ढकलायचं नाही, 'सरळ बस' असं म्हणायचं नाही. हे शेवटचं तिला सगळ्यात जड जाईल. तुम्ही चिरत राहायचं आणि श्वास त्या तळव्यापर्यंत जातोय का एवढंच बघायचं. दोनेक मिनिटांत तुम्हाला कळेल की विळीवर कांदा कापायला जितका लागतो त्याच्या दुप्पट जोर तुम्ही खांद्यात धरताय. दुसरा तळवा मानेच्या मागे, केसांच्या रेषेशी. कोथिंबीर निवडायला खाली बघताना मान कुठून वाकते? बहुतेकींची खांद्यांच्या पातळीवर, मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या टेंगळापाशी वाकते. ती कानांच्या मधून, म्हणजे डोकं मानेवर जिथे डुलतं तिथून वाकवून बघा. मुलीच्या हाताला फरक तुमच्या आधी कळेल. आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं पुरे.

दुपारची पानं आवरली की माजघरात चटईवर उताण्या पडा. गुडघे वर, पावलं जमिनीवर, डोक्याखाली मुलीची दोन-तीन जुनी पाठ्यपुस्तकं. उंची इतकी की हनुवटी छतालाही बघत नाही आणि गळ्यातही रुतत नाही. हात पोटावर. पंधरा मिनिटं डोळे उघडे ठेवून पडा. झोप लागली तर लागू दे, पण ती जमेस धरू नका. उठताना कुशीवर वळून उठा.

आणि ताकद. हे कोणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नसतं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा पाण्याने अर्धा भरा. एक हात ओट्यावर टेकून थोडं पुढे झुका, दुसऱ्या हाताने डबा कोपर मागे नेत बरगडीपर्यंत ओढा आणि सावकाश खाली न्या. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की पाणी वाढवा. सहा-आठ आठवड्यांनी पेटी उचलताना काय होतं ते बघा. हे करून दुखणं वाढत असेल तर फिजिओथेरपिस्टला गाठा. महाराष्ट्रात त्यांची परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका.

काकांबद्दल. त्यांच्या हाताला गुण असेल, मी नाकारत नाही. खोबरेल किंवा उंडीचं तेल कोमट करून पाठ रगडली तर दोन-तीन दिवस सुखाचे जातात आणि तेवढ्यासाठी जरूर जा. पण मानेला हिसका देऊ देऊ नका, एकदाही. 'कडाड' आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा तो आवाज, बोटं मोडताना येतो तोच. तुमचं हाड सरकलेलंच नाही, तर बसवणार काय? मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मणक्यांना लागूनच असतात. जोराच्या पिळण्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर साधं मालीशही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पट्ट्यावर फार लिहिण्यासारखं नाही. तो खांदे मागे धरतो, काढला की सोडतो. कोकणातल्या वैशाखात चुलीपुढे तो घालून कोणी उभं राहून दाखवावं, काखेत घामोळं आलं नाही तर मला कळवा. परत करता येत असेल तर करा.

एवढं सगळं वाचूनही त्या गोव्याच्या बाईंकडे जायचं मन असेल तर जा, हौसेला मोल नसतं. मात्र काही गोष्टी फोनवरच विचारून घ्या. एक बैठक घेऊन बघू देतात का, की दहांचे पैसे आधी मागतात? आधी मागत असतील तर तिथेच थांबा. शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं? कपडे किती काढावे लागतात? या कामात अंतर्वस्त्रांवर झोपवायची रीत आहे, पण सैल टी-शर्ट आणि पायजम्यावर काम करणारेही असतात. सोबत मुलगी खोलीत बसली तर चालेल का? दाब सोसवेना आणि तुम्ही 'थांबा' म्हणालात तर त्याच क्षणी हात थांबला पाहिजे. 'सहन करा, आतलं बाहेर पडतंय' असं उत्तर आलं तर उठून या. आणि देवगडहून म्हापशापलीकडे जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत आखडून बसणं आलं, हेही हिशेबात धरा. गेलात तर आदल्या दिवशी आणि आठवड्याने विळीवर किती वेळ बसवतं ते घड्याळ लावून बघा. फरक नसेल तर दुसरी बैठक घेऊ नका.

राहिली उशी. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल एवढी उशी हवीच. नाहीतर रात्रभर मान खाली लटकते. उताण्या झोपत असाल तर पातळ चालेल, दुमडलेली गोधडीही चालेल. उशीशिवाय झोपल्याने बाक जातो हे घरातल्या ज्या पक्षाचं म्हणणं आहे, तो पक्ष हरला असं त्यांना कळवा.